पेपरचा मालक बदलला, बातम्याही बदलल्या का? घरच्या घरी तपासायची रीत

सांगली-मिरजेत अमुक पेपर तमुक साहेबांनी ‘घेतला’ अशी कुजबुज सुरू झाली की आठवडाभरात निकालही लागलेला असतो. कुणीतरी पहिल्या पानावरचा एक फोटो पुढे करतो, “बघा, लागले आरत्या ओवाळायला!” महिन्याभराने दुसरा कुणी त्याच पेपरातली एक टीकेची बातमी कापून आणतो आणि काहीच बदललेलं नाही असं ठरवून मोकळा होतो. दोघांचंही चुकतं. शितावरून भाताची परीक्षा वर्तमानपत्राला चालत नाही. तिथे रोज नवं पातेलं चढतं, आणि मालक बदलल्याचा परिणाम छापून आलेल्या बातमीपेक्षा न आलेल्या बातमीत जास्त असतो.

खालची रीत वाचकांसाठी, कार्यकर्त्यांसाठी आणि पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. दोन माणसं, एक वही किंवा एक्सेलची शीट आणि काही रविवार एवढ्यावर भागतं. पायऱ्यांचा क्रम मात्र मोडू नका. बहुतेकांची गफलत क्रमातच होते: आधी कात्रणं गोळा करतात आणि मग त्यांना शोभेल असा मालक शोधतात.

## तयारी : कात्रीला हात लावण्याआधी

पेपरचे जुने अंक कुठे मिळतील ते आधी पाहा. ई-पेपरचा जुना साठा किती मागे जातो हे पेपरागणिक वेगळं असतं, आणि व्यवस्थापन बदललं की कधीकधी साठ्याचा पत्ताही बदलतो. छापील फायलींसाठी नगर वाचनालय, महाविद्यालयांची ग्रंथालयं, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचं खर्डेकर ग्रंथालय इथे विचारा. सांगली नगर वाचनालयाच्या ग्रंथसंपदेचं २०१९ च्या महापुरात मोठं नुकसान झालं, त्यामुळे अमुक वर्षाची फाइल असेलच असं गृहीत धरून कालखंड ठरवू नका. फाइल डोळ्यांनी पाहा, मग ठरवा.

आवृत्ती एकच धरा. सांगली शहराची आवृत्ती, ग्रामीण आवृत्ती आणि जिल्ह्याची पुरवणी यांत पानं वेगळी, बातम्याही वेगळ्या. ‘आधी’साठी शहर आवृत्ती आणि ‘नंतर’साठी ग्रामीण घेतलीत तर पुढची सगळी मोजणी वाया.

इशारा : वेबसाइटवरच्या बातम्या मोजू नका. त्यांचे मथळे नंतर बदलतात, बातम्या काढल्याही जातात. छापील अंक किंवा ई-पेपरचं पान, एवढंच प्रमाण.

## टप्पा १ : मालकी खरंच बदलली का, आणि कोणत्या तारखेला?

संपादक बदलणं, आवृत्तीप्रमुखाची बदली होणं, नवा जाहिरात व्यवस्थापक येणं म्हणजे मालकी बदलणं नव्हे. गावगप्पांत हे सगळं एकाच पोत्यात जातं.

(क) अंकाच्या शेवटच्या किंवा आतल्या पानाच्या तळाशी बारीक टाइपातली ओळ असते: मुद्रक, प्रकाशक, संपादक, छापल्याचं ठिकाण, नोंदणी क्रमांक. बातमीच्या निवडीला कायद्याने जबाबदार कोण, हेही तिथेच लिहिलेलं असतं. वर्षभराच्या अंतराने घेतलेल्या दोन अंकांतल्या या ओळी शेजारी ठेवा.

(ख) मार्च महिन्यातले पहिले अंक काढा. १९५६ च्या नोंदणी नियमांतल्या नियम ८ प्रमाणे फेब्रुवारीच्या अखेरीनंतरच्या पहिल्या अंकात ‘फॉर्म ४’ छापावा लागे. त्यात मालकाचं नाव आणि भांडवलात एक टक्क्याहून जास्त वाटा असलेल्या भागीदारांची, भागधारकांची नावं असतात. लागोपाठच्या दोन-तीन वर्षांचे फॉर्म वाचले की निम्मी चर्चा तिथेच निकालात निघते. वर्तमानपत्रांच्या नोंदणीच्या १८६७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा आला आणि १ मार्च २०२४ पासून लागू झाला. नोंदणीचं काम आता प्रेस सेवा पोर्टलवर चालतं.

(ग) मालक कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या वेबसाइटवर संचालकांची नावं आणि नेमणुकीच्या तारखा दिसतात. थोडी फी भरली की वार्षिक विवरणपत्र आणि ताळेबंदही पाहता येतो. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात विश्वस्तांचा बदल अर्ज दाखल झालाय का ते विचारा. भागीदारी असेल तर भागीदारी संस्था निबंधक.

कंपनीचं नाव कळलं म्हणजे मालक कळला, असं नसतं. डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत ‘लास व्हेगास रिव्ह्यू-जर्नल’ हा स्थानिक पेपर १४ कोटी डॉलरला विकला गेला. घेणारी कंपनी नवीकोरी होती आणि तिच्या मागे कोण आहे हे कर्मचाऱ्यांनाही सांगितलं नव्हतं. पेपरच्याच बातमीदारांनी आठवड्याच्या आत खणून काढलं की खरा खरेदीदार कॅसिनो उद्योगपती शेल्डन अ‍ॅडल्सन यांचं कुटुंब आहे. कॅसिनोच्या गावात कॅसिनोवाल्याचा पेपर! तेव्हा कंपनीच्या संचालकांची नावं पुन्हा त्याच वेबसाइटवर टाका आणि ती माणसं आणखी कोणत्या कंपन्यांत आहेत ते पाहा.

तपासणी : एका कागदावर तीन गोष्टी लिहिता आल्या पाहिजेत: जुना मालक, नवा मालक, बदलाची तारीख. कागदोपत्री तारीख आणि प्रत्यक्ष ताबा यांत अंतर असेल तर दोन्ही तारखा लिहा. तारीख मिळाली नाही तर इथेच थांबा. ‘आधी’ कुठे संपतं तेच ठाऊक नसेल तर पुढे मोजणार काय?

## टप्पा २ : नव्या मालकाच्या हितसंबंधांची यादी

ही यादी बातम्या वाचण्याआधी करायची. नंतर केलीत तर जी बातमी डोळ्यांत भरेल तिच्याशी जुळणारा हितसंबंध आपोआप सापडतो.

आपल्या भागात ही यादी सहसा ठरलेल्या खुंट्यांवर टांगलेली असते: साखर कारखाना, सहकारी बँक किंवा पतसंस्था, दूध संघ, शिक्षणसंस्था, रुग्णालय, रस्ते-पाण्याची कंत्राटं, बांधकाम, आणि अर्थातच पक्ष किंवा गट. मालक किंवा त्याच्या घरातलं कुणी निवडणूक लढलं असेल तर नमुना २६ मधलं प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतं. त्यात शेअर्स, जमिनी, कर्जं, दाखल गुन्हे असं सगळं मिळतं.

यादीचे दोन भाग करा. ज्या विषयात मालकाचं नुकसान-फायदा थेट आहे ते ‘नाजूक’ विषय, ज्यात त्याचं काहीच अडकलेलं नाही ते ‘मोकळे’ विषय. उदाहरणार्थ, मालक कारखानदार असेल तर थकीत एफआरपी (उसाला द्यायचा कायद्याने ठरलेला किमान दर), मळीचं पाणी, काटामारीच्या म्हणजे उसाचं वजन कमी दाखवल्याच्या तक्रारी नाजूक. मिरज जंक्शनवरच्या गाड्या, हळदीचे सौदे, बिबट्याचा वावर मोकळे. मोकळ्या विषयांचा उपयोग टप्पा ६ मध्ये कळेल. तोवर त्यांना बिनकामाचे समजून गाळू नका.

विरोधी गटाचीही यादी करा. पेपर मालकाची स्तुती करत नसेल, पण त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या कारखान्यावर रोज तुटून पडत असेल, तर तोही कलच.

## टप्पा ३ : कालखंड आणि अंकांची निवड

‘आधी’चे सहा महिने आणि ‘नंतर’चे सहा महिने घ्या, पण कॅलेंडरचे महिने तेच ठेवा. जुलै ते डिसेंबरची तुलना जानेवारी ते जूनशी केलीत तर एकीकडे कृष्णेची पाणीपातळी आणि ऊसदराचं आंदोलन येणार, दुसरीकडे म्हैसाळ-टेंभू सिंचन योजनांची आवर्तनं आणि टँकर. फरक दिसेल तो ऋतूचा.

निवडणुकीचे महिने वगळा किंवा वेगळे मोजा. २०२४ सालात लोकसभेला सांगली-साताऱ्यात ७ मे रोजी मतदान झालं आणि विधानसभेला २० नोव्हेंबरला. त्या वर्षातले जवळपास सगळे महिने प्रचाराने माखलेले आहेत, त्यामुळे ‘सामान्य काळ’ म्हणून ते वापरता येणार नाहीत. हस्तांतरानंतरचे पहिले दोन-तीन आठवडेही सोडून द्या. तेव्हा नवा-जुना कारभार एकत्र चालू असतो, आणि नवे मालक मुद्दाम तटस्थ दिसण्याची काळजी घेतात.

सहा महिन्यांचे सगळे अंक वाचायची गरज नाही. ‘रचलेला आठवडा’ वापरा: एका आठवड्यातला सोमवार, दुसऱ्या कुठल्यातरी आठवड्यातला मंगळवार, तिसऱ्यातला बुधवार, असं चिठ्ठ्या टाकून सात वार जमवायचे. १९९३ मध्ये अमेरिकेत एका स्थानिक दैनिकावर झालेल्या अभ्यासात सहा महिन्यांच्या स्थानिक बातम्यांचा अंदाज घ्यायला असा एक आठवडा पुरतो असं दिसलं. तरी प्रत्येक कालखंडासाठी दोन आठवडे घ्या. नाजूक विषय रोज येत नाहीत.

नेहमीची चूक : सलग सात दिवस घेणं. त्या आठवड्यात साहेबांचा वाढदिवस असला की पेपर हार-तुऱ्यांनी भरलेला, आणि तुमचा निष्कर्षही.

## टप्पा ४ : तोलायला दुसरा पेपर

ही पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते, आणि तिच्याविना बाकीचं निरर्थक आहे. ज्याची मालकी या काळात बदललेली नाही असा, त्याच जिल्ह्याची आवृत्ती काढणारा दुसरा पेपर निवडा आणि त्याचे त्याच तारखांचे अंक मोजा. ऊसदराच्या बातम्या दोन्ही पेपरांत घटल्या असतील तर आंदोलनच थंडावलेलं असेल. एकातच घटल्या तर प्रश्न विचारायला जागा आहे.

दुसरा पेपर ‘निष्पक्ष’ असायची गरज नाही. तसा शोधत बसलात तर म्हातारे व्हाल. त्याचा कल कुठलाही असो, या काळात त्याची मालकी बदललेली नसावी, इतकंच हवं.

सिंक्लेअर या अमेरिकी कंपनीने २०१७ मध्ये काही स्थानिक टीव्ही स्टेशनं घेतली, तेव्हा संशोधकांनी हेच केलं: विकत घेतलेल्या स्टेशनांच्या बातम्या त्याच शहरांतल्या इतर स्टेशनांशी ताडून पाहिल्या. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कल उजवीकडे सरकल्याचं दिसलं, पण त्यासोबत आणखी एक गोष्ट निघाली. राष्ट्रीय राजकारण वाढलं आणि त्याची जागा स्थानिक राजकारणाच्या बातम्यांमधून गेली. म्हणून तुमच्या शीटमध्ये ‘बातमी कुठली’ हा रकाना हवाच. महापालिकेची बातमी जाऊन तिथे दिल्ली-मुंबईची आली, तर कुणाची स्तुती न करताही नगरसेवकांची सुटका होते.

## टप्पा ५ : मोजणीची शीट

प्रत्येक बातमीला एक ओळ. रकाने असे: तारीख, पान, जागा (लीड म्हणजे पानावरची मुख्य बातमी, अँकर म्हणजे पानाच्या तळाची मोठी बातमी, चौकट, सिंगल कॉलम), आकार कॉलम-सेंटीमीटरमध्ये (किती कॉलम गुणिले किती सेंटीमीटर उंची), बातमी कुठली (स्थानिक की बाहेरची), विषय, नाजूक की मोकळा, बायलाइन (बातमीदाराचं नाव) की नुसतं ‘प्रतिनिधी’, बातमीत कुणाकुणाचं म्हणणं आहे, आरोप असल्यास दुसरी बाजू आहे का, फोटो कुणाचा.

सूर अनुकूल की प्रतिकूल हा रकाना शेवटी ठेवा आणि त्याला कमीत कमी वजन द्या. इथेच आपले स्वतःचे कल घुसतात. नियम बांधून घ्या: मथळा आणि पहिला परिच्छेद एवढ्यावरूनच सूर ठरवायचा, शंका आली की ‘कोरी’ (ना अनुकूल, ना प्रतिकूल) लिहायचं. उलट ‘कुणाचं म्हणणं आहे’ हा रकाना जीव ओतून भरा. कारखान्याच्या बातमीत आधी अध्यक्ष, शेतकरी संघटना आणि सभासद असे तिघे बोलत असतील आणि नंतर फक्त अध्यक्ष बोलत असतील, तर सूर मोजायची गरजच उरत नाही.

दोन शब्दप्रयोगांवर खास लक्ष ठेवा. एक, ‘सभा खेळीमेळीत पार पडली’. ज्या वार्षिक सभेत माइक ओढाओढी झाली तिचीही बातमी अशीच येऊ शकते. दुसरा, ‘एका बड्या संस्थेवर कारवाई’. कारवाई छापली, नाव गाळलं. मोजणीत ही बातमी ‘आली’ म्हणून धरायची नाही. ‘नाव गाळून आली’ असा वेगळा खूण-शब्द ठेवा.

तपासणी : पहिल्या ५० बातम्या दोघांनी एकमेकांना न दाखवता नोंदवा. किमान ४० ओळी जुळल्या नाहीत तर नियम सैल आहेत. नियम घट्ट करा आणि पहिल्यापासून सुरुवात करा. कंटाळवाणं आहे, पण इथे आळस केला तर पुढे कुणीही “तुम्हाला हवं तसं मोजलंत” म्हणेल आणि उत्तर नसेल.

## टप्पा ६ : जी बातमी आलीच नाही ती कशी मोजायची?

खरं काम इथे आहे. न आलेली बातमी पेपरात सापडत नाही, म्हणून घटनांची यादी पेपरच्या बाहेरून करायची. तारीख असलेले, सार्वजनिक, कुणी नाकारू शकणार नाही असे कागद शोधा:

– साखर आयुक्तालयाचे एफआरपी थकबाकीचे अहवाल. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, त्यामुळे थकबाकी ही आपसूकच बातमी ठरते.
– सहकारी बँकांवरच्या दंडाची रिझर्व्ह बँकेची प्रसिद्धिपत्रकं.
– महापालिकेच्या महासभेची आणि स्थायी समितीची विषयपत्रिका व इतिवृत्त. प्रशासक असेल त्या काळातले प्रशासकीय ठराव.
– स्थानिक निधी लेखापरीक्षेतले आक्षेप, महाटेंडर्स या सरकारी संकेतस्थळावरच्या निविदा.
– प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नोटिसा. सांडपाण्याचा शेरीनाला आणि कृष्णेच्या पाण्यावरून किती कागद निघालेत ते सांगलीकरांना सांगायला नको.

यातून प्रत्येक कालखंडासाठी वीस-पंचवीस घटना निवडा, निम्म्या नाजूक, निम्म्या मोकळ्या. मग प्रत्येक घटनेच्या दुसऱ्या दिवसापासून आठ दिवसांचे अंक दोन्ही पेपरांत पाहा. (इथे रचलेला आठवडा उपयोगाचा नाही, सलग अंकच लागतात.) नोंद अशी: आली, उशिरा आली, नाव गाळून आली, आली नाही.

आता समजा, १२ नाजूक घटनांपैकी मालकी बदलण्याआधी ८ छापल्या गेल्या होत्या आणि नंतरच्या १२ पैकी फक्त ३. शेजारच्या पेपरात हेच आकडे ८ आणि ७. मोकळ्या घटना आपल्या पेपरात ९ होत्या, नंतरही ९. अशा वेळी नाजूक विषयांवर हात आखडलाय असं म्हणायला आधार आहे. पण मोकळ्या घटनाही ९ वरून ४ वर आल्या असतील तर चित्र पालटतं. मग बहुधा पानं कमी झालीत, तालुक्यांचे वार्ताहर कमी केलेत, जत-आटपाडीकडून बातमी येणंच बंद झालंय. वाचकाचं नुकसान त्यातही आहे, पण त्याला पक्षपात म्हणता येणार नाही. त्याचा मथळा वेगळा.

इशारा : ‘आली नाही’ लिहिण्याआधी तालुका पान, पुरवणी आणि ‘संक्षिप्त’ हे तिन्ही बघा. तीन ओळींत का होईना, आली ती आली.

## टप्पा ७ : जाहिरातींचा हिशेब

मालकाच्या संस्थांच्या जाहिराती त्याच्याच पेपरात वाढणं साहजिक आहे, त्यावरून काही सिद्ध करायला जाऊ नका. पाहायचं ते वेगळं: जाहिरात आणि बातमी यांची सरमिसळ. वाढदिवसाच्या पुरवणीत बातमीच्याच टाइपात, ‘जाहिरात’ हा शब्द न टाकता छापलेले गौरवलेख मोजा. आपल्याकडे तालुक्याचा वार्ताहर बऱ्याचदा जाहिरातीही गोळा करतो आणि कमिशनवर जगतो. मालक कुणीही असो, हा ताण आधीपासूनच आहे. म्हणून ‘आधी’चा आकडा हवाच.

सरकारी जाहिरातींसाठी माहितीचा अधिकार वापरा. महापालिका किंवा जिल्हा परिषदेकडे ‘अमुक तारीख ते अमुक तारीख कोणत्या वर्तमानपत्राला किती रकमेच्या जाहिराती दिल्या’ एवढंच विचारा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. माहिती ३० दिवसांत मिळायला हवी, नाही मिळाली तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. ‘का दिल्या?’ असं विचारलंत की अर्ज फेटाळायला आयतं निमित्त मिळतं. त्यातूनही आधी-नंतर आणि शेजारचा पेपर ही तुलना सोडू नका.

## टप्पा ८ : लिहिणं आणि पुढचं पाऊल

जे मोजलं तेच लिहा. ‘पेपरने इमान विकलं’ हे मत झालं. ‘या तारखांच्या या १२ घटनांपैकी ३ छापल्या’ ही माहिती झाली. मालकाने फोन करून बातमी थांबवली असं मोजणीतून कधीच कळत नाही, ते लिहू नका. बऱ्याचदा फोन आलेलाच नसतो, उपसंपादकच अंदाज घेऊन बातमी आत टाकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये मानहानी आहे, याचं भान ठेवा. बायलाइनवाल्या बातमीदारांची नावं अहवालात आणू नका. निर्णय त्यांचे नसतात आणि नोकरी त्यांचीच जाते.

प्रसिद्ध करण्याआधी अहवाल संपादकांना पाठवा आणि उत्तरासाठी पंधरा दिवस द्या. उत्तर आलं तर ते पूर्ण जोडा. कधीकधी त्यात खरंच पटण्यासारखं कारण असतं: छपाईची वेळ आधीची झाली, पानं आठवरून सहावर आली. ते तुमच्या आकड्यांशी ताडून पाहा.

एखादी विशिष्ट बातमी चुकीची किंवा छुपी जाहिरात वाटत असेल तर प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. त्याआधी संपादकांना लेखी कळवावं लागतं, आणि दैनिकाच्या बाबतीत तक्रार प्रसिद्धीपासून दोन महिन्यांत पोचायला हवी. कौन्सिल दंड करू शकत नाही. ताकीद देते, ताशेरे ओढते. निवडणूक काळातल्या पैसे घेऊन छापलेल्या बातमीची तक्रार जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीकडे करायची. या दोन्ही ठिकाणी सहा महिन्यांची शीट कुणी मागत नाही, मूळ कात्रण आणि तारीख मागतात. त्यामुळे अशी बातमी दिसली की अभ्यास पूर्ण व्हायची वाट न पाहता त्याच आठवड्यात संपादकांना पत्र टाका आणि पोच जपून ठेवा.